बर्फाच्या शेडमधली जागृती

प्रिय लाविनिया,

आधीच सांगते, इथे सगळे बरे आहेत. पाकीट जाड दिसलं म्हणून छातीत धडधड नको. डुकरीण पुन्हा व्यायली आणि पिल्लं दिवसभर माझ्या वाळत घातलेल्या चटयांवर लोळतात. नीरफणस यंदा इतका लागलाय की मी टोपली घेऊन निघाले की शेजारी दारं लावून घेतात. तुझे बाबा ठणठणीत आहेत. गुडघा तेवढा कुरकुरतो, आणि गुडघ्यापेक्षा ते स्वतः जास्त.

तुझ्या बाबांची ती प्रार्थना तुला आठवत असेलच. जानेवारीच्या प्रार्थना-सप्ताहात, पहाटे ढोल वाजून लोक डोळे चोळत चर्चमध्ये येऊन बसले की ते व्यासपीठावरून म्हणायचे, "प्रभू, या गावावर तुझा आत्मा ओत. आमची राख झाली आहे, फुंकर घाल." तू घरी येऊन चुलीसमोर बसून त्यांची नक्कल करायचीस आणि नाकातोंडात राख घालून घ्यायचीस. लोक मोठ्याने आमेन म्हणायचे आणि अळूच्या पानातलं मटण कुणाच्या घरी जास्त चांगलं होतं यावर वाद घालत घरी जायचे. बाबांना मात्र खात्री होती. आपल्या बेटावर बोट येणार याची जशी खात्री असते ना, तशी. उशिरा येईल, पण येईल.

ती जागृती आली, लाविनिया. ईस्टरनंतर आली. पण आपल्या चर्चमध्ये नाही, धक्क्यावरच्या बर्फाच्या शेडमध्ये.

पौलिआसी आठवतो? तुझ्याबरोबर चर्चच्या दृढीकरणाच्या वर्गात होता आणि पाठांतर केलं नाही म्हणून बाबा त्याला सारखे बाहेर काढायचे. तो आता धक्क्यावर मालाचा ट्रक चालवतो. मध्यंतरी फार पीत होता, बायको माहेरी निघून गेली होती. मग मोठ्या बेटावर कुठल्याशा सभेला गेला आणि पिणं सोडूनच परत आला. मासळीच्या बर्फाची ती शेड रिकामी पडली होती. तिथे संध्याकाळी दोघाचौघांना घेऊन गाऊ लागला. एक गिटार आणि एक फुटका स्पीकर. आमच्या विणकाम मंडळातल्या बायका खूप हसल्या. मीही हसले.

आमचं हसणं थांबलं ते कितिओनेमुळे. नावाडी कितिओने आणि त्याचा भाऊ फेलेती यांचं शेताच्या बांधावरून फाटलेलं तुला माहीतच आहे. बापाच्या अंत्यविधीलाही दोघे दोन बाजूंना बसले होते. तर एका सकाळी कितिओने भाजलेलं अख्खं डुक्कर खांद्यावर घेऊन गावातून चालत गेला आणि भावाच्या दारात मान खाली घालून बसला. फेलेती बाहेर आला आणि मयतीचं डुक्कर समजून म्हणाला, "कोण मेलं?" कितिओने म्हणाला, "मी. काल, शेडमध्ये." मग दोघे म्हातारे गळ्यात गळा घालून असे रडले की कुत्रीसुद्धा भुंकायची थांबली. त्यानंतर घराघरांतून काहीबाही परत जायला लागलं. कुणाचं जाळं, कुणाची कुऱ्हाड. माझं मोठं पातेलं चोरीला गेलं म्हणून मी किती वर्षं ओरड केली होती! ते एक दिवस दारात येऊन बसलं, घासूनपुसून. कुणी आणलं ते मी विचारलं नाही.

इकडे आपलं चर्च रिकामं होत चाललं. आधी तरुण पोरं गेली, मग खर्ज लावणारे पुरुष. आपल्या गाण्यांना वाद्य नसतं, त्यामुळे खर्ज गेला की घराचा वासाच काढून नेल्यासारखं वाटतं. बाबा म्हणाले, "गिटारच्या तारा तुटल्या की येतील परत." तारा तुटल्याही, पण पौलिआसीने नव्या मागवल्या.

एका रविवारी मी आणि पाच-सहा म्हाताऱ्या, एवढ्यांसमोर बाबांनी उपदेश केला. उपदेश चांगला होता. घरी येऊन चर्चला जाताना कमरेला गुंडाळायची ती चटई सोडली, घडी घातली आणि ताटावर बसून राहिले. घास उचलेनात. धक्क्याकडून गाण्याचा आवाज येत होता. म्हणाले, "इतकी वर्षं मी मागितलं, उइनिसे. आणि देव पत्ता चुकला."

मी म्हटलं, "अहो, तुम्ही गावासाठी मागत होतात ना? मग धक्का काय दुसऱ्या गावात आहे?"

ते ताटावरून उठून गेले. मला वाटलं, आपण जरा जास्तच बोललो.

त्याच आठवड्यात पौलिआसी स्वतः आला. भर दुपारी, ट्रक रस्त्यात तसाच उभा करून. फाटकाशीच थांबला, आत यायला धजेना. म्हणाला, "पाळकसाहेब, लोक येतात, रडतात, आणि मग मला विचारतात, आता पुढे काय करू? मला चार वचनं पाठ होती, ती सांगून संपली. पुढचं मला कुणी शिकवलेलं नाही."

"शिकवायला मी होतो. तू वर्गात होतास का?" बाबा म्हणाले.

"तुम्ही मला बाहेर काढलं होतं, साहेब."

"मग जा, गिटारला विचार."

पौलिआसीने मान डोलावली आणि ट्रक घेऊन गेला. मला इतका राग आला की मी चहात साखर घातली नाही. बाबांनी तो तसाच पिऊन टाकला.

बुधवारी उन्हं उतरताना ते कपाटातून पवित्र शास्त्र काढून निघाले. मला चल म्हणाले नाहीत, मीच मागोमाग गेले. शेड गच्च भरली होती. गिटारचा आवाज एवढा की दारात त्यांनी एका कानात बोट घातलं. कितिओनेने त्यांना पाहिलं आणि उठून उभा राहिला. गाणं थांबलं. तो म्हणाला, "साहेब, तुम्ही दरवर्षी मागत होतात ते हेच. या ना, बसा."

मला वाटलं, आता ते समोर जाऊन उपदेश करणार. ते समोर गेले खरे, पण पौलिआसीसमोर, त्या खवल्यांनी भरलेल्या ओल्या फरशीवर, कुरकुरणारा गुडघा टेकून खाली बसले. म्हणाले, "माझ्यासाठी प्रार्थना कर, पोरा. राख माझीच झाली आहे."

पौलिआसी इतका घाबरला की दोन पावलं मागेच सरला. शेवटी त्यांच्या डोक्यावर हात ठेवून एवढंच म्हणाला, "प्रभू, हे माझे मास्तर." आणि रडायला लागला. मग कोण रडलं नाही ते विचार.

तेव्हापासून दर बुधवारी बाबा तिथे शिकवायला जातात. आपल्या चर्चमध्ये काही जण परत आले, काही नाही आले, आणि बाबा आता बाकं मोजत नाहीत. पौलिआसीची बायको मुलांना घेऊन परत आली आहे. पौलिआसी संध्याकाळी आपल्या ओट्यावर धडा घ्यायला बसतो आणि दोघांचं गिटारवरून भांडण होतं. "दावीद राजाकडे वीणा होती, साहेब." "हो, पण तिला वायर नव्हती." मी आतून ऐकत असते. घरात पुष्कळ वर्षांनी असं बरं वाटतंय.

आता हे पत्र कशासाठी, ते. काल सकाळी चहा पिताना बाबा मध्येच म्हणाले, "मी मागत होतो ते सगळ्यात आधी माझ्या लेकीकडे पोचलं होतं. ऑकलंडहून किती आनंदाने फोन करून सांगत होती, बाबा, माझ्या आत काहीतरी नवं झालंय. आणि मी काय म्हटलं? गिटारवाल्यांत गेलीस. आणि फोन ठेवून दिला." तुझ्या लग्नाला का आलो नाही, तेही ते स्वतःच्या तोंडाने बोलले, ते इथे लिहीत नाही, ते त्यांनीच तुला सांगायचं आहे. मी म्हटलं, "मग करा की फोन." तर म्हणतात, "आधी तू लिही. एकदम माझा आवाज ऐकून पोर घाबरेल." म्हणून लिहिलं. हे पत्र मिळालं की निरोप पाठव, त्याच आठवड्याच्या रविवारी, जेवणं झाल्यावर फोन येईल. जावयांनाही जवळ बसव. त्यांच्याशी काय बोलायचं ते बाबांचं ठरत नाहीये, सकाळपासून अंगणात फेऱ्या चालल्या आहेत. आधी ते हवापाण्याचं विचारतील, मग एकदम गप्प होतील. लाइन तुटली असं समजू नकोस, बाळ. थांब जरा. या वेळी ते फोन ठेवणार नाहीत.

तुझीच,
आई