बीमवरची काचपट्टी

५ जानेवारी, बुधवार

बेचाळीस जोड्या आल्या आणि त्यांत अकरा कोळ्याची जाळी! अकरा! एकाने आणलं की बाकीच्यांनी री ओढायची, दरवर्षी हेच. विषय दिला होता 'रचना'. एक फोटो निसर्गातला, एक इमारतीतला, आणि दोन्हींचा सांगाडा एकच दिसला पाहिजे. वास्तुकलेच्या पहिल्या वर्षाला मी एवढंच शिकवते — फोटो काढायला नव्हे, बघायला. नियम एकच : फोटोत माप कळता कामा नये. माणूस नको, नाणं नको, पट्टी नको. समोर पानाची शीर आहे की नदी, हे बघणाऱ्याला लगेच कळलं की गंमत संपली.

तीन जोड्या मात्र झकास. अर्धा चिरलेला कोबी आणि वरून काढलेला गोल जिना. चतुराचा पंख आणि सायकलस्टँडची जाळी. आणि तिसरी मुंगीची. मुंगी म्हणजे वर्गातली सगळ्यात लहानखुरी मुलगी. कायम जमिनीला पोट लावून फोटो काढते म्हणून पोरांनी ठेवलेलं नाव, आता तीही त्याच नावाला ओ देते. तिने एकीकडे वाळक्या पानाच्या शिरा काढल्यात आणि दुसरीकडे आमच्या मोठ्या हॉलच्या बीमवरची भेग. कुठलं कोणतं, मलाच क्षणभर कळेना. दहापैकी साडेनऊ दिले. अर्धा राखून ठेवला, नाहीतर डोक्यात हवा जाते.

८ जानेवारी, शनिवार

डोळ्यांत घालायचे थेंब संपले. आणायचे.

१२ जानेवारी, बुधवार

मुंगी आज तास संपल्यावर घुटमळत राहिली. म्हणाली, "मॅडम, ही भेग मी ऑगस्टमध्ये पण काढली होती. आणि ऑक्टोबरमध्ये. उजेड मनासारखा मिळत नव्हता म्हणून परत परत काढली." तिन्ही प्रिंट टेबलावर ओळीने मांडल्या. ऑगस्टात भेगेला एक फाटा. ऑक्टोबरात दोन. आता तीन. मी म्हटलं, सुंदर! ती म्हणाली, "सुंदर आहे हो मॅडम, पण वाढतेय ना?"

मी त्या फोटोला साडेनऊ मार्क दिले आणि भेगेची काळजी करावी हे मला सुचलंसुद्धा नाही. धन्य!

प्रिंट घरी आणल्या, नवऱ्याला दाखवल्या. लग्नापासून 'अहो' म्हणतेय, इथेही अहोच लिहिते. तो हॉल अहोंचा. त्यांच्या गणितावर उभी राहिलेली पहिली इमारत, चौतीस वर्षं झाली. पुढे पूल बांधले, पाण्याच्या टाक्या बांधल्या, पण घरी पाहुणा आला की फिरायला नेतात ते हॉल दाखवायला. एवढ्या मोठ्या जागेत मध्ये एकही खांब नाही, हे सांगताना निवृत्तीनंतरही आवाज बदलतो.

चष्मा लावून तिन्ही प्रिंट पाहिल्या. मग म्हणाले, "पट्टी कुठाय?"

"कसली पट्टी?"

"भेगेशेजारी ठेवायची. माप नाही, काही नाही. पोरगी दर वेळी जवळ जवळ गेली असेल, म्हणून मोठी दिसतेय. अगं, पट्टी नसेल तर ती भेग नव्हे, ते चित्र!"

प्रिंट माझ्या हातात परत. माझाच नियम माझ्याच गळ्यात.

१३ जानेवारी, गुरुवार

अबोला. दोन्ही बाजूंनी. भाजीत मीठ जास्त पडलं होतं, तरी मुकाट्याने जेवले.

१५ जानेवारी, शनिवार

गेले! सकाळी टोपी घालून स्वतःच म्हणाले, "चल, बघून येऊ तुमचं ते चित्र."

हॉलच्या मागच्या बाजूला सज्जा आहे, तिथून बीमच्या टोकापर्यंत हात पोचतो. मी, मुंगी आणि शिपाईमामा खाली उभे. अहो वर उकिडवे बसून बराच वेळ नुसते बघत राहिले. मग भेगेवरून नख फिरवलं. भेग बीमच्या मधोमध आणि उभी असती तर एवढं काही नाही, टोकाशी तिरकी असली की लक्षण बरं नाही — हे मला नंतर घरी सांगितलं. तिथे फक्त विचारलं, "वरच्या मजल्यावर काय आलंय?" मामा म्हणाले, "मागल्या वर्षी ग्रंथालय हलवलं ना साहेब. सगळी कपाटं वर." अहोंनी मान हलवली.

मग जुन्या लोकांची रीत केली. बोटाएवढी पातळ काचपट्टी भेगेवर आडवी धरली, दोन्ही टोकं प्लास्टर ऑफ पॅरिसने पक्की केली आणि शेजारी पेन्सिलीने आजची तारीख घातली. काचेला ताण सोसत नाही. बीम केसाएवढा हलला तरी ती तडकते. काच शाबूत राहिली म्हणजे भेग जुनी, काळजी नको.

प्राचार्यांनाही बोलावून समजावलं. ते लगेच खूश! "म्हणजे काच टिकली की पाच तारखेचं प्रदर्शन हॉलमध्येच!" पाच फेब्रुवारीला मुलांच्या फोटोंचं प्रदर्शन असतं, तीनशे माणसं येतात. अहो म्हणाले, "रोज येऊन बघत जाईन." मी तोवर माझे हॉलमधले तास व्हरांड्यात घ्यायचं ठरवलं. प्राचार्य हसले. हसू देत.

येताना विचारलं, काच फुटली तर? म्हणाले, "तर माझं गणित चुकलं."

मला भीती वाटतेय. तीनशे माणसांसाठी वाटतेय, पण आधी त्यांच्यासाठी वाटली, हे इथे तरी खरं लिहावं.

१८ जानेवारी, मंगळवार

काच शाबूत.

२० जानेवारी, गुरुवार

काच शाबूत. अहो रोज अकराला जातात आणि साडेबाराला येतात. एक काच बघायला दीड तास! मामांबरोबर चहा होतो म्हणे, आणि प्राचार्यांना फुकटचे सल्ले. घरात निदान माझ्या डब्यांची मांडणी बदलणं तरी थांबलं.

मुंगीलाही नवा नाद. दुपारी जाऊन काचेचा रोज एक फोटो, आणि या वेळी शेजारी पट्टी धरून. अहोंनी तिला कानमंत्र दिला, "बाई सांगतात ते मार्कांपुरतं. तू पट्टी ठेवत जा." माझ्यादेखत! मी ऐकून न ऐकल्यासारखं केलं.

२४ जानेवारी, सोमवार

व्हरांड्यात तास बरा होतो. वारा येतो, पोरं पेंगत नाहीत. आज कोबी आणि जिना समोर ठेवून बोललो. मागच्या रांगेतला एक जण म्हणाला, "मॅडम, मग जिन्याने कोबीची कॉपी केली का?" सगळे खिदळले. मी म्हटलं, कॉपी नाही रे. तुम्ही दोघं एकाच पेपराला बसलात आणि उत्तर सारखं आलं, तर दर वेळी कॉपीच असते का? त्यावर आणखीच खिदळले, कारण त्यांच्यात दर वेळी कॉपीच असते.

पण मुद्दा पोचला. वजनाला खाली जायचं असतं, त्याला वाट करून द्यावी लागते. पान ती शिरांतून देतं, आपण बीममधून आणि खांबांतून. वाट अपुरी पडली की वजन स्वतःची वाट स्वतः काढतं, आणि तिला आपण भेग म्हणतो. वाक्य अहोंचं आहे, पण हे पोरांना कुठे सांगत बसू.

काच शाबूत.

२८ जानेवारी, शुक्रवार

काच शाबूत म्हणाले, पण तोंड उतरलेलं. काल पण तसंच होतं. पोट बिघडलंय का विचारलं, तर "काही नाही." लेकीचा फोन आला तेव्हा "आईशी बोल" म्हणून उठूनच गेले. एरवी तिला अर्धा अर्धा तास पूल ऐकवतात! या माणसाच्या मनातलं काढून घ्यायचं म्हणजे दगडातून पाणी काढायचं.

१ फेब्रुवारी, मंगळवार

मुंगी आज हातात प्रिंटांची चळत घेऊन आली. आधी म्हणाली, "मॅडम, रागावू नका हं." मग पायरीवर सगळे फोटो तारखेवार मांडले.

"ही काच वेगळी आहे."

सव्वीस जानेवारीपर्यंतच्या प्रत्येक फोटोत काचेच्या डाव्या कोपऱ्याला बारीक टवका उडालेला आहे. सत्तावीसपासून टवका नाही. पट्टीवर मोजली तर दोन मिलिमीटर जास्त रुंद. कालपासून आणखी तिसरीच, लांबीला कमी. शेजारची तारीख मात्र तीच, पंधरा जानेवारी.

विचारलं, कुणाला बोललीस? "तुम्हालाच." पोरीचे डोळे भरले होते. तिचा अहोंवर जीव जडलाय. आणि तिला पट्टी ठेवायला शिकवणारे हेच!

घरी आले. विचारायचा धीर झाला नाही. ते वर्तमानपत्र वाचत होते, मी भाजी निवडत होते. इतक्या वर्षांत भांडताना मी त्यांना नाही नाही ते बोललेय, हट्टी, घुमे, चिक्कू — पण खोटारडे हा शब्द कधी मनातही आला नव्हता. आज आला. मला फार वाईट वाटतंय.

२ फेब्रुवारी, बुधवार

सकाळी चहाला बसल्या बसल्या विचारलं. आडवळण नाही.

"काच बदललीत?"

"हो."

"किती वेळा?"

"दोनदा." कपातच बघत होते. "पहिली सत्तावीसला तडकली. म्हटलं, प्लास्टरने ओढली असेल, होतं तसं कधी कधी. दुसरी लावली. ती परवा गेली."

"आणि सांगणार कधी होतात?"

"आज."

आज! खरं का खोटं, देव जाणे. मी वाद घातला नाही. कागद घेतला आणि पत्र लिहिलं — बीम हलतो आहे, हॉल आणि वरचं ग्रंथालय आजच्या आज बंद करावं. त्यांनी न वाचता सही केली. रिक्षा करून दोघंही गेलो, आणि दहाच्या आत दोन्ही दारांना कुलपं. प्राचार्यांनी कपाळाला हात लावला, पण तिन्ही काचांचे फोटो बघून प्रदर्शन दुसरीकडे हलवायला तयार झाले. मुंगी व्हरांड्यात होती. अहो स्वतः तिच्यापाशी गेले आणि म्हणाले, "बरोबर पकडलंस." ती रडायलाच लागली.

आठवडाभर त्या बीमखालून लोक जात येत होते. दिवसभर मला अहोंचा भयंकर राग आला. आता दमलेय.

५ फेब्रुवारी, शनिवार

प्रदर्शन सायकलस्टँडमध्ये! सायकली मैदानावर, फोटो जाळीला टांगलेले. चतुराचा पंख नेमका त्याच जाळीवर लागला, तर लोक एकदा फोटो बघत आणि एकदा जाळीला हात लावत. हॉलमध्ये एवढी मजा कधी आली नव्हती. मुंगीच्या चौकटीपुढे सगळ्यात जास्त गर्दी. तिने पट्टीवाले फोटोही लावले होते. नियम मोडला म्हणून मी एकही मार्क कापला नाही.

अहो आले नाहीत. डोकं दुखतंय म्हणाले.

११ फेब्रुवारी, शुक्रवार

बीमखाली लोखंडी टेकू लावले. कपाटं खाली उतरवताहेत. पुस्तकं सोडवेनात म्हणून ग्रंथपाल सगळ्यांवर डाफरतोय.

१९ फेब्रुवारी, शनिवार

आज बाहेरून आलेल्या इंजिनिअरांनी बीमचं टोक फोडून आतलं लोखंड पाहिलं. बीममधल्या सळ्यांभोवती लोखंडी चौकटी बांधतात, साइटवर त्यांना रिंगा म्हणतात. टोकाशी तिरकी भेग पडू नये म्हणून त्या जवळ जवळ लागतात. अहोंच्या जुन्या ड्रॉइंगमध्ये स्वच्छ लिहिलंय, चार इंचांवर एक. आत निघाल्या आठ इंचांवर! ठेकेदाराने निम्म्या रिंगा खाल्ल्या. तो कधीच वारला, आता कुणाचा कान धरणार?

पण अहोंचं गणित बरोबर होतं! अक्षर न् अक्षर बरोबर! संध्याकाळी प्राचार्य मुद्दाम घरी आले. म्हणाले, "साहेब, तुमच्या कागदावर बोट ठेवायला जागा नाही." बाहेरचे इंजिनिअरही म्हणाले म्हणे, एवढं नीट ड्रॉइंग हल्ली बघायला मिळत नाही. बीमला बाहेरून आधार देऊन हॉल परत उभा करता येईल. मला इतका आनंद झाला की प्राचार्यांच्या चहात दोनदा साखर घातली.

ते गेल्यावर मी अहोंची माफी मागितली. म्हटलं, मी तुम्हाला मनातल्या मनात खोटारडे म्हटलं होतं. गणित चुकलं असेल या धास्तीने माणूस काय काय करतो, हे मला समजायला हवं होतं. ते लवकर झोपायला गेले.

२० फेब्रुवारी, रविवार

सकाळी अहो म्हणाले, "रिंगा मी मोजल्या होत्या. स्लॅब भरायच्या आदल्या दिवशी. आठ इंचांवर आहेत हे दिसलं होतं मला. सगळं सोडून परत बांधायचं तर आठवडा गेला असता, आणि दोन दिवसांवर आपलं लग्न. मी सही केली."



सव्वीस वर्षं मी त्या कॉलेजात शिकवतेय. सव्वीस वर्षं, रोज मी चपला घालताना ते विचारतात, आज तास कुठे, हॉलमध्ये का? मला वाटायचं, काहीतरी बोलायचं म्हणून विचारतात.