सगळ्यांचं मशीन

अण्णा,

तुमचं चुकलं होतं, हे मी गेली कित्येक वर्षं लोकांना सांगत आले. तुमचा उल्लेख करत नाही, पण प्रत्येक भाषणात एक वाक्य असतंच, की आमच्या आधीच्या पिढीनं शटर अर्धं खाली ओढून धंदा केला आणि म्हणून वाळूज मागं राहिलं. लोक माना डोलावतात. उद्या परत तेच बोलायचंय. मुंबईहून सरकारी मंडळी येणार आहेत नव्या धोरणाचा मसुदा घेऊन, बरोबर दुसऱ्या जिल्ह्यांतले उद्योजक, आमचं सामाईक मापन केंद्र बघायला. फ्लेक्सवर मोठ्या अक्षरात 'नवोन्मेष' लिहिलंय. तुम्ही असता तर विचारलं असतं, हा कुठला नवा रोग म्हणून. मला बोलायला विषय दिलाय 'विश्वास'. आज शेड बंद आहे, सकाळपासून ऑफिसात कागद पुढं घेऊन बसलेय, आणि चार वेळा उठून मशिनींच्या मधून फेऱ्या मारून आले. एक ओळ उमटत नाही. भाषण सुचेना म्हणून तुमच्याशी भांडायला बसले, असं समजा.

मी इंजिनीअर होऊन शेडवर यायला लागले तो पहिलाच आठवडा. डोक्यात हवा होतीच. शेजारच्या शेडचे मालक ग्राइंडिंगचा दगड मागायला येतात, तुम्ही कुठंतरी बाहेर गेलेले, आणि मी त्यांना टेबलावरचा प्लास्टिकच्या झाकणाचा मोल्ड कौतुकानं दाखवायला लागते, हे पाणी असं फिरतं, इथून प्लास्टिक आत येतं. तेवढ्यात तुम्ही येता. काही न बोलता कोपऱ्यातलं गोणपाट उचलता, मोल्डवर टाकता, आणि सगळ्या कामगारांसमोर मला म्हणता, "घरातलं ताट रस्त्यावर मांडत नसत्यात." शेजारी हसले आणि दगड घेऊन गेले. त्यांना राग यायचं कारणच नव्हतं, त्यांच्याही शेडमधे गोणपाट होतं. प्रत्येकाच्याच होतं. कुणी दारात आलं की आधी मोल्ड झाकायचा, मग या बसा म्हणायचं, ही आपल्या लायनीतली रीत. पण माझे कान पेटले होते.

त्यानंतर एक गोष्ट सुरू झाली. लांब, पातळ झाकणाचं काम असलं, की शेवटचा हात मारायच्या वेळेला तुम्ही मला बाहेर पाठवायला लागलात. कधी कोटेशन टाईप कर, कधी स्टीलवाल्याला फोन लाव, काहीच नसलं तर चहा सांगून ये. मी परत येईपर्यंत मोल्ड बंद झालेला असायचा आणि तुमच्याशेजारी पडेगाव उभा असायचा, कपड्याला हात पुसत. तो गावावरून ओळखला जायचा, तुम्हीच ते नाव पाडलं होतं. त्याच्या घरात तोवर मेंढरांशिवाय दुसरं कुणी काही केलं नव्हतं. आयटीआय करून तो तुमच्याकडं फिटर म्हणून लागला, आणि तुम्ही त्याच्या हातावर जीव टाकायचात. मला वाटायचं, मी शिकलेली, मला कागदाची कामं, त्याला हाताची. असं वाटून घेणं बरं पडायचं. दुसरं कारण मनात यायचं, ते मी उंबऱ्याबाहेरच ठेवायची, की पोरीला काय दाखवायचं, उद्या ती सासरी जाणार आणि युक्तीसुद्धा जाणार.

मग ती मीटिंग. उद्योग खात्याचे साहेब योजना समजावून सांगायला आले होते. तेव्हा अचूक मापायचं मोठं मशीन आपल्या भागात लहान माणसाला परवडणारं नव्हतं. मोल्ड टेम्पोत घालून पुण्याला न्यायचा, तिथं दोन-दोन दिवस ताटकळायचं, दुसऱ्याच्या ओंजळीनं पाणी प्यायचं. साहेब म्हणाले, तुम्ही वीसपंचवीस जण मिळून एक संस्था करा, मशीनचा मोठा वाटा सरकार उचलेल, ते सगळ्यांचं मशीन राहील. एकमेकांजवळ असलेले कारखाने एकमेकांकडून शिकतात आणि त्यातून सगळा पट्टा वर येतो, असंही म्हणाले. मला इतकं पटलं, की मी वहीत उतरवून घेत होते. आणि तुम्ही उभे राहिलात. "साहेब, मशीन सरकारचं, जागा सगळ्यांची, समदं खरं. पण माझा मोल्ड टेबलावर असताना त्याच्याकडं बघणार नाय कोण, हे तुमच्या जीआरात कुठं लिवलंय?" हॉलभर हशा पिकला. साहेब पण हसले. तुम्ही मात्र उत्तराची वाट बघत उभेच राहिलात, आणि मला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं.

स्कूटरवर मागं बसून मी तुम्हाला नाही नाही ते बोलले. तुमच्यासारख्या माणसांमुळंच हे गाव पुण्याच्या दारात उभं राहतं, असंही बोलले. रेल्वे स्टेशनचा पूल आला. मग मान न वळवता म्हणालात, "बघणारा परका नसतो, बाई. परक्याला काय कळतंय त्यातलं." मी म्हटलं, घाबरता तुम्ही. तुम्ही म्हणालात, "व्हय, घाबरतो." एवढं सरळ कबूल कराल असं वाटलं नव्हतं. तुम्ही सही केली नाही ती नाहीच. पुढं तुम्ही गेलात, आणि वर्षश्राद्ध व्हायच्या आत मी सही केली. इतक्या घाईनं का केली, ते आज कळतंय. मला तुम्हाला हरवायचं होतं.

आणि हरवलं की, अण्णा. केंद्र उभं राहिलं. फाईल कुठं कुठं अडकली आणि कुणाच्या टेबलावर किती झोपली, ते सांगत नाही, तुमचा जीव वरती सुद्धा वैतागेल. अनुदान भिंतींना मिळालं, मशीनला मिळालं, एसीला मिळालं. एकमेकांवर भरवसा ठेवायला काही मिळत नाही, त्याला सरकारी कागदात रकानाच नाही, तो भरवसा आम्हाला स्वतःच शिवून घ्यावा लागला. म्हणून मी नियम लिहिला. ज्याचं काम टेबलावर असेल तो, आणि मशीन चालवणारी मुलगी, बाकी कुणी आत जायचं नाही. अध्यक्षानंसुद्धा नाही. अध्यक्ष मीच. हा नियम मी तुमच्यासाठी लिहिला होता, तुमच्या त्या प्रश्नाचं उत्तर म्हणून, आणि तो दारावर लावला तेव्हा तुम्ही बघायला हवे होतात असं फार वाटलं. पडेगाव पहिल्या दहा सभासदांत होता. तुम्ही गेल्यावर त्यानं स्वतःची छोटी शेड टाकली होती, तीन माणसांची.

आता या उन्हाळ्यातलं. विजेवर चालणाऱ्या गाड्यांच्या चार्जरसाठी एका कंपनीला लांब, पातळ झाकण हवं होतं. ट्रायलचे मोल्ड दोघांना दिले, एक मला, एक पडेगावला. ज्याचं झाकण सरळ येईल त्याला काम. माझं येईना. मशीनमधून निघताना सरळ असायचं आणि गार झालं की भाजलेल्या पापडासारखं वर यायचं. पाण्याचे मार्ग बदलले, प्लास्टिक बदललं, कॉम्प्युटरवर सगळं करून बघितलं. तीन ट्रायल वाया. कंपनीचे फोन सुरू झाले. आणि एका दुपारी केंद्रावर गेले, तर मापायची मुलगी जेवायला गेलेली आणि टेबलावर पांढऱ्या कापडाखाली पडेगावचा मोल्ड.

किल्ली माझ्याकडं असते. एसी नीट चालतोय का बघावं, असं मी स्वतःला सांगितलं. मग कापड उचललं. वर पट्टी उभी धरली, तर पट्टीच्या खालून उजेड आला. पृष्ठभाग सरळ नव्हताच. त्यानं तो मुद्दाम उलट बाजूला वाकवून कापला होता, म्हणजे झाकण गार होऊन जेवढं वाकणार, तेवढं वाकून सरळ होणार. आणि बाक मधोमध नव्हता, प्लास्टिक जिथून आत येतं त्या बाजूला किंचित सरकवलेला होता. हे कॉम्प्युटर सांगत नाही, हे कुणीतरी हातानं शिकवलेलं असतं. इथपर्यंत कुतूहल म्हणता येईल. पण मग मी खणातून फट मोजायच्या पातळ पत्त्या काढल्या, तीन ठिकाणी मोजलं, आणि आकडे तळहातावर लिहिले. कापड होतं तसं घातलं. घड्या सुद्धा जुळवल्या, अण्णा.

शेडवर आले आणि मागच्या रॅकवरून तुमच्या वेळचे मोल्ड खाली उतरवले, स्वतः, घामाघूम होऊन. एकेकावर पट्टी ठेवली. सगळ्यांत तोच बाक. काखेत कळसा आणि गावाला वळसा. इतकी वर्षं ते माझ्याच डोक्यावर होते आणि मी कधी पट्टी लावून बघितलं नाही, कारण जुन्या माणसाच्या कामात बघायचं काय. तेव्हा मला चोरीची लाज वाटायला हवी होती. वाटला तो राग, आणि तोही तुमचाच. मला चहा सांगायला पाठवत होतात, तेव्हा त्याला हे दाखवत होतात. रात्रंदिवस तुमच्या मागं सावलीसारखी फिरणारी मी, आणि दिलंत ते त्याला. त्या रागातच मी मोल्ड परत कापायला लावला. ही आमच्या घरची युक्ती, मग चोरी कसली, असं म्हणत होते. पण आकडे घरचे नव्हते. ते त्याच्या टेबलावरचे होते.

चौथ्या ट्रायलला झाकण सरळ आलं. त्याचंही सरळ होतं. दोन्ही सारखी म्हटल्यावर कंपनीनं बघितलं कुणाकडं मशिनी जास्त आहेत, आणि काम मला दिलं. त्यानं या कामाच्या भरवशावर मागच्या गल्लीतली शेड बोलून ठेवली होती, फुलंब्रीकडची दोन पोरं कामावर घ्यायची ठरवली होती, त्यांना आता नाही म्हणून सांगितलं. हे मला केंद्रावरच कळलं. कुणी माझ्यावर संशय घेतलेला नाही. घेणार तरी कसा, दारावरचा नियम माझाच आहे.

आणि काल तो आला. हातात पेढ्यांचा पुडा. केस पांढरे झालेत त्याचे, पण अजून बसायच्या आधी कपड्याला हात पुसतो. चहा झाला. म्हणाला, कंपनीत तुमचं झाकण हातात घेऊन बघितलं, पट्टी लावली, आणि इतकं सरळ आलेलं बघून अण्णांची युक्ती ओळखली. "ताई, खरं सांगू, माझ्या मनाला लई वर्षं बोचत होतं. मला वाटायचं अण्णांनी हे फक्त मलाच दाखवलं. पोरीच्या हक्काचं आपण घेऊन आलो, असं वाटायचं. बरं झालं, तुम्हालाबी शिकवून गेले." काम गेल्याचं एक अक्षर नाही. डोळ्यांत पाणी होतं त्याच्या, सुटल्यासारखं. आणि मी म्हणाले, "व्हय, शिकवलं ना."

तो गेल्यापासून माझं बूड एका जागी टिकत नाहीये. त्याला गाठून सांगावं, काम अर्धं त्याला द्यावं, अध्यक्षपद सोडावं, सगळं मनात करून झालं. उद्या त्या सरकारी मंडळींसमोर उभं राहून सांगावं, की तुमच्या मसुद्यात एक कलम घाला, आमच्या अण्णांनी विचारलं होतं ते. हे सगळं एक वेळ जमेल मला. ही पानं मात्र आत्ताच फाडीन, उद्या हाच कागदांचा गठ्ठा केंद्रावर न्यायचाय आणि तिथल्या मापायच्या मुलीला भंगार कागद उलगडून बघायची सवय आहे. कापड उचललं, आकडे लिहिले, तुझ्या तोंडचा घास काढला, हे त्याच्यासमोर उभी राहून बोलेन मी, अण्णा, तेवढी हिंमत तुमचीच आहे. पण ते सांगायचं, तर तुम्ही मला शिकवलं नव्हतं हेही सांगावं लागतं, आणि ते काही केल्या माझ्या तोंडून निघत नाही.