ठमीनं आईची खुर्ची सोडली!

बाबा,

उठल्या उठल्या तुमच्या मित्राला फोन करा आणि मांजर न्यायला येऊ नका म्हणून सांगा! तुम्ही झोपला होतात म्हणून उठवलं नाही, पण माझ्या पोटात हे मावत नाहीये. आज सकाळी ठमी नखं काढून आईच्या खुर्चीकडे निघाली, आणि मध्येच त्या सुतळी गुंडाळलेल्या खांबापाशी थांबली. मागच्या पायांवर उभी राहून तिनं त्यालाच ओरबाडलं. एकदा नाही, तीनदा! मी लगेच तिला खाऊ दिला, शाबासकी दिली आणि स्वयंपाकघरात जाऊन एकटीच नाचले.

आता तुमची मदत हवी. मी दवाखान्यातलं काम आटपून सातला येईन. पाचच्या सुमाराला ती घरभर उधळेल. तेव्हा ओरडू नका, अंगावर पाणी तर मुळीच मारू नका. कपाटामागे पिसं बांधलेली काठी आहे, ती दहा मिनिटं तिच्यापुढे नाचवा. शेवटी पीस पकडू द्या, नाहीतर बाईसाहेब रुसतात. मग जेवायला द्या.

मंगळवारी मी "एका खुर्चीसाठी एवढं काय?" म्हणाले, ते चुकलंच माझं; आई गेल्यापासून ती खुर्ची तुमच्यासाठी काय आहे, ते मला कळायला हवं होतं. फाटलेलं कापड शिवलंय. दोऱ्याचा रंग जरा वेगळा आहे, सांभाळून घ्या.

आणि बाबा, तुम्ही खोलीत असता तेव्हा ठमी तुमच्या बंद दाराबाहेर बसून असते. आज दार उघडं ठेवा. पुष्कळदा तिच्या शेजारी मीही उभी असते.

— तुमची लेक