खुंटीवरचे पंचवीस अंश

मी, हिराबायाशी तोकुजी, वय अठ्ठ्याहत्तर, रेशीम केंद्राचा निवृत्त निरीक्षक, हे मृत्युपत्र स्वखुशीने लिहीत आहे. गुडघे गेले, डोळे अधू झाले. बुद्धी शाबूत आहे असे डॉक्टर म्हणतात. कुणाचा दबाव नाही. दबाव आणायला आता कुणी उरलेलेही नाही.

१. राहते घर व तुतीचा मळा पुतण्या शिगेओ याला मिळावा. दक्षिणेकडच्या बांधावरून शेजारी ओगुची यांच्याशी मी तीस वर्षे भांडलो. बांध त्यांचाच होता. तो त्यांना द्यावा, पण माफी मागू नये, फार शेफारतील.

२. केंद्राचे प्रमुख इवामा गुरुजी उंच होते. त्यांनी आपल्या डोळ्यांच्या उंचीवर खुंटी ठोकून तापमापक टांगला. किडे मात्र जमिनीलगतच्या बांबूच्या तबकांत, गारव्याला. खुंटीवर पंचवीस अंश दिसत आणि कोष उत्तम येत, म्हणून शेतकऱ्यांसाठीच्या केंद्राच्या पुस्तकात पंचवीस छापले. शेतकऱ्यांनी तापमापक किड्यांशेजारीच ठेवून इमानाने पंचवीस राखले, आणि त्यांचे किडे उकाड्याने मेले. आम्ही घरोघर जाऊन, किडे घाणीने मेले म्हणत, त्यांनाच गलिच्छ ठरवले.

कामगार कोमात्सु सावा यांनी एकदा तापमापक तबकात ठेवून पाहिला. म्हणाल्या, "साहेब, इथं बावीसच आहेत हो."

मी म्हणालो, "सावाबाई, खुंटी गुरुजींनी ठोकलीय." आणि वहीत पंचवीस लिहिले. गुरुजी हयात असेतो त्यांची खुंटी हलवायची आमच्यात रीत नव्हती. ते आणखी नऊ वर्षे जगले. त्या नऊ वर्षांची मला लाज वाटते.

३. गुरुजींच्या पश्चात निघालेल्या नव्या पुस्तकात बावीस आहेत, पण माझ्या नावाने. शिगेओने ते सावाबाईंच्या नावाने पुन्हा छापावे. न छापल्यास घर केंद्राला जावे. केंद्रातली हल्लीची मुले बावीसला हात जोडतात म्हणे. त्यांनी दर हंगामात नव्याने मोजावे. मीही चुकलो असेन, तपासायचे त्राण आता नाही.

४. तापमापक सावाबाईंना द्यावा, असे लिहिले होते. काल त्यांना मसुदा वाचून दाखवला. त्या म्हणाल्या, "ते खोडा. मला काही दिलंत तर माझी साक्ष धरणार नाहीत. तेव्हाही धरली नव्हती."

कलम खोडले आहे. तापमापक केंद्रात, तबकातच ठेवावा.

हिराबायाशी तोकुजी (सही व शिक्का)
उएदा, १० नोव्हेंबर १९५४

साक्षीदार:
१. डॉ. नागाई क्योसुके (सही)
२. कोमात्सु सावा (सही). स्वतः वाचून, खात्री करून.