बिजलीचं दावं

१ नोव्हेंबर २००९, दरेकसा

पोचले एकदाची! गोंदियाहून पॅसेंजरने निघाले तेव्हा डबा धानाची पोती आणि माणसं यांनी खच्चून भरलेला होता. दरेकशाला मात्र मी, एक म्हातारी आणि तिच्या टोपलीतल्या दोन कोंबड्या एवढेच उतरलो. रत्नपाल गुरुजी फलाटावर हजर होते. शाळेतून निवृत्त झाल्यावर टाकलेल्या जनावरांसाठी त्यांनी डोंगराच्या पायथ्याशी हा आसरा काढला आहे. जय भीम म्हणाले आणि माझी बॅग घेऊन माझ्या पुढे चालू लागले. वय सत्तर, पाय पंचविशीतले.

न्यूझीलंडच्या डेअऱ्यांवर गुरांची डॉक्टर म्हणून सात वर्षं काढली. तिथल्या गाईंना नंबर असतो, नाव नसतं. आता दोन महिन्यांची रजा काढून इथं फुकट राबायला आले, तर इचलकरंजीत आई म्हणाली, सुखाचा जीव दुःखात घालायची तुला लहानपणापासूनच हौस. खरं आहे.

इथं तेवीस जनावरं आहेत आणि प्रत्येकाला नाव आहे. लग्नाच्या वरातींत नाचून नाचून आंधळी झालेली घोडी बिजली. गाभण गाय चांदणी, जी बकारामशिवाय कुणालाही सडाला हात लावू देत नाही. बकाराम म्हणजे इथला गुराखी, राखणदार आणि माझ्या मते खरा मालक. स्वयंपाक अंजनाबाईंचा. आज लाखोळीची भाजी आणि भात दोनदा मागून घेतला. झकास वाटतंय.

३ नोव्हेंबर

सर्जा नावाच्या बैलाला शिंगाचा कर्करोग होता, अळ्या पडल्या होत्या. इंजेक्शन देऊन त्याला शांतपणे सोडवलं. मी छातीला स्टेथोस्कोप लावून ठोके थांबल्याची खात्री करते आहे तोच बकारामने विळ्याने त्याचं दावं कापलं आणि कानाशी वाकून म्हणाला, जा बापा, मोकळा झाला तू. माझ्या डोळ्यांत पाणी आलं, लपवत नाही.

पण दावं चांगलं सुताचं, नवंकोरं होतं! इथं निम्मी जनावरं लुगड्याच्या चिंध्यांनी बांधलेली आहेत. मी त्याला सांगितलं, यापुढे दावं सोडायचं, लाल औषधात धुवायचं, खुंटीवर टांगायचं. तो मान हलवत राहिला. मेल्याचं दावं सोडत नसतेत म्याडम, म्हणाला, कापतेत. सोडलं तं तो जागेवरच राह्यते, त्याले समजत नाई का आपून मेलो मून. मी जंतूंवर छोटंसं व्याख्यान दिलं. गुरुजींना पटलं, बकारामला नाही. अंजनाबाई गालात हसत होत्या. कोणाला हसल्या ते कळलं नाही.

८ नोव्हेंबर

बकाराम सकाळी सालेकशाला बहिणीकडे गेला, तिच्याकडे धानाची कापणी आहे. तो गेला आणि दुपारी बिजलीच्या आतड्याला पीळ पडला. तीन तास झगडले. शेवटी इंजेक्शनच द्यावं लागलं.

दावं मीच सोडलं, लाल औषधात बुडवलं आणि खुंटीवर टांगलं. गुरुजींनाही कसं करायचं ते दाखवलं. शिस्त लागायची तर सुरुवात आपल्यापासून. बिजलीला गावकऱ्यांनी नाल्यापलीकडे पुरलं. तिच्या रिकाम्या खुंट्याकडे बघवत नाही.

१० नोव्हेंबर

बिजलीच्या खुंट्यापाशी घोड्याची लीद होती. जुनी असेल, झाडायची राहिली असेल असं म्हणून मी स्वतः झाडली.

११ नोव्हेंबर

आज पुन्हा. हात लावून पाहिला तर गरम होती. पंचक्रोशीत दुसरा घोडा नाही, गुरुजींना दोनदा विचारलं. ते म्हणाले, कुणीतरी चेष्टा करून राहिलं असेल. चेष्टा करायला कुणी घोडा घेऊन येतं का?

खुंट्याभोवतीची जमीनही उकरलेली आहे. बिजली भूक लागली की पुढच्या डाव्या पायाने अशीच उकरायची. इतर गुरं त्या बाजूला अंग टाकत नाहीत, कोपऱ्यात दाटीने उभी असतात. मी सात वर्षं शवविच्छेदनं केलेली बाई, आणि आज गोठ्यात जायच्या आधी खाकरले. भित्यापाठी ब्रह्मराक्षस, दुसरं काय.

१२ नोव्हेंबर

भर दुपारी फुरफुरणं ऐकलं. अंजनाबाईंनीही ऐकलं. त्यांच्या हातातलं सूप खाली पडलं. त्या म्हणाल्या, बकारामले बलवा म्याडम, ते दावं कापू द्या. गुरुजींनी सालेकशाला निरोप धाडला आहे.

मला तेच दावं आत्ता कापता आलं असतं. कापलं नाही. आपणच शिकवलेलं आपणच मोडायचं तर नाक कुठं ठेवायचं?

१३ नोव्हेंबर, दुपार

चांदणी सकाळी अडली. वासराचे पाय दिसत होते, पण मान मागे वळलेली. ओढायला मऊ आणि मजबूत दोर हवा होता. बिजलीचं दावं तेवढं हाताशी होतं. एक टोक वासराच्या पायांना, दुसऱ्याचे माझ्या मनगटाला दोन वेढे. गुरुजी मागून माझी कंबर धरून ओढत होते.

वासरू आलं, जिवंत! कालवड आहे, कपाळावर पांढरा टिळा. मी ओणवी होऊन तिचं नाक पुसत होते तेवढ्यात चांदणीने लाथ झाडली. ती थेट छातीत बसली. थोडा वेळ आडवी होते. गुरुजी आणि अंजनाबाई माझ्यावर वाकून काहीतरी ओरडत होते.

मग उठले. गंमत म्हणजे काहीच दुखत नाही.

१३ नोव्हेंबर, संध्याकाळ

कालवडीने अजून चीक प्यायलेला नाही. पहिल्या दिवसाचा चीक पोटात गेला नाही तर ती जगत नाही, हे मी तीनदा सांगितलं. कुणी लक्षच देत नाही. अंजनाबाई चुलीपुढे रडत बसल्या आहेत. काऊन गेली वं बाई, काऊन गेली, एवढंच चाललंय. कोण गेलं म्हणून विचारलं तर वरसुद्धा पाहिलं नाही.

मला ताट वाढलं नाही. भूकही नाही म्हणा.

गावातली माणसं आली होती. पांढऱ्या कापडात काहीतरी गुंडाळून जीपमध्ये ठेवून गोंदियाला घेऊन गेली. मी मागोमाग फाटकापर्यंत गेले. त्यापुढे पाऊलच उचललं नाही, मनगटाला हिसका बसला.

मनगटावर तर काहीच नाही. दावं गुरुजींनी केव्हाच सोडलं. लाल औषधात धुऊन खुंटीवर टांगलंय. अगदी मी दाखवलं होतं तसं.

१४ नोव्हेंबर, सकाळ

गुरुजी फोनवर आईशी बोलत होते. मी शेजारी उभी राहून ओरडले, आई मी इथं आहे, मी ठीक आहे— आईने ऐकलं नाही. मला मात्र तिचं रडणं ऐकू आलं.

मला भीती वाटते. फार भीती वाटते.

कालवडीला चाटते चांदणी, पण ती उभी राहत नाही. मी तिला सडाकडे ढकलते. हात लागतच नाही तिला. अंजनाबाई एकदा वाटी घेऊन गेल्या, चांदणीने शिंग उगारलं, त्या परत फिरल्या.

दुपार

बिजली खुंट्याशी उभी आहे. आंधळी ती, पण माझ्याकडे बघते. फक्त तीच बघते.

स्टेथोस्कोप सापडला. बिजलीच्या छातीला लावला. काही नाही. तो कालवडीच्या— मंद, फार मंद. मग माझ्या—

परत लावला. डावीकडे, खाली, पुन्हा. नळी तुंबली असेल. नळी तुंबली असेल.

संध्याकाळ

बकाराम आला! फाटकातून थेट गोठ्यात. तो थांबला. माझ्याकडे पाहिलं त्याने, खरोखर माझ्याकडे, आणि टोपी काढली. रडतोय. त्याला दिसते मी—

सांगते आहे त्याला, चीक, आधी चीक पाज. ऐकू जात नाही बहुतेक. खुंटीवरचं दावं काढलंय. दुसऱ्या हातात विळा—

बिजलीचं नाव घेतलं आधी. आता माझ्याकडे वळलाय. कानाशी वाकतोय. जा माय, म्हणतो, मोकळी झाली तू—

नको, थांब, बकाराम, थोडंच थांब. कालवडीने अजून चीक