शिळ्या पावाचे खोके

२ फेब्रुवारी, रविवार

चादरींचा फोटो काढला. वारा होता, एक चादर दोरीवरून सुटतच होती, तेवढ्यात कॅमेऱ्यात पकडली! समोरच्या गच्चीवरची लाँड्री हा माझा रविवारचा उद्योग. ह्यांना अजून पटत नाही. "कपडे वाळताना काय बघायचं त्यात?" माझा नवरा दिवसभर वर्तमानपत्रातली कोडी सोडवतो, त्याला मी कधी विचारलंय?

फोटो छापून भिंतीवर लावला. दीड वर्षात निम्मी भिंत भरली. लाँड्री मात्र पूर्वीसारखी राहिली नाही. चादरी पिवळट दिसतात. पांढऱ्या करायच्या म्हणजे कॉम्प्युटरवर निळा वाढवावा लागतो. आधी चिमूटभर पुरायचा, हल्ली चांगलाच घालावा लागतो. पावडर बदलली असणार त्यांनी.

४ फेब्रुवारी

भाऊजी गेले लेकीकडे. आजोबा झालेत, स्वारी हवेत आहे. स्टुडिओ आता महिना-दीड महिना माझ्या एकटीच्या ताब्यात. दोन टेबलं, एक पंखा, एक किटली.

सख्खा दीर आणि धंद्यातला भागीदार एकच असला की भांडायला बरं पडतं. सुरुवातीलाच ठरलं होतं — रंग माझा, जीभ त्यांची. डिझाइन, फोटो मी करायचे. गिऱ्हाइकांशी गोड बोलायचं आणि तयार फायली छापखान्यात पाठवायच्या, ते भाऊजींनी. रंगातलं त्यांना ओ की ठो कळत नाही. आजही तो हिरवा शर्ट घालून आले निरोप घ्यायला. नेहमीसारखं म्हटलं, "पोपट निघाला का नातवाला बघायला?" हसले.

दारात घुटमळले मात्र. "वहिनी, बेकरीच्या बॉक्सची फाईल मी आल्यावर पाठवू."

"का? मला पाठवता येत नाही?"

"तसं नाही हो..." म्हणाले आणि पिशवी उचलून चालू लागले. एक फाईल पाठवायला ह्या माणसाला अख्खी संध्याकाळ लागते, आणि मला शिकवतात!

५ फेब्रुवारी

त्यांचं टेबल आवरलं. धूळ ही एवढी! बेकरीचा पहिला खोका अजून ठेवलाय, अगदी कॉम्प्युटरच्या शेजारी. धंद्यातलं आमचं पहिलं काम ते. आता त्यात पिना आणि रबरबँड. कोपरे दबलेत, झाकण चिकटपट्टीवर तगलंय. फेकणार होते. मग म्हटलं नको, आल्यावर कटकट करतील.

११ फेब्रुवारी

बेकरीवाल्यांनी गरम पाव पाठवला. खिडकीपाशी लाकडी फळीवर ठेवून शूट केला. पाव काही बोलत नाही, हलत नाही, "माझी ही बाजू चांगली दिसत नाही" म्हणत नाही. सगळी माणसं पावासारखी असती तर!

कॉम्प्युटरवर बघितला तर हळदीत लोळवल्यासारखा. निळा वाढवला, पिवळा उतरवला. आता कसा खमंग दिसतोय. उरलेला पाव मी आणि ह्यांनी लोण्याबरोबर संपवला.

१३ फेब्रुवारी

बेकरीवाल्यांचा तिसरा फोन. सुट्ट्या लागायच्या आत बॉक्स हवेत. भाऊजींची वाट कोण बघणार? फाईल मीच पाठवली. दोन मिनिटांत गेली! मग हा माणूस संध्याकाळभर करतो काय?

१९ फेब्रुवारी

बॉक्स आले. छान झालेत. अक्षरं ठसठशीत, पाव असा की उचलून खावा. छापखान्याच्या मालकांना फोन करून शाबासकी दिली. ते म्हणाले, "तुम्हाला आवडलं ना, मग झालं."

२० फेब्रुवारी

डोकं फिरायची वेळ आली!

सकाळीच बेकरीवाल्यांचा फोन. "मॅडम, हा पाव कुणाचा आहे?" म्हटलं, तुमचाच. "माझा नाही. माझ्या पावाला बुरशी येत नाही."

तशीच उठून गेले. बॉक्स हातात घेतला, सगळं ठीक. म्हटलं, तुमच्या ट्यूबलाइटचा दोष आहे, बाहेर उन्हात चला. उन्हात धरला. मला तसाच छान दिसला. शेजारी एक बाई टोस्ट घ्यायला उभ्या होत्या. त्यांना विचारलं, ताई, तुम्ही सांगा बरं. त्यांनी बॉक्स उलटापालटा केला आणि बेकरीवाल्यांना विचारलं, "ह्याच्यात कालचा पाव देता का स्वस्तात?"

बेकरीवाले माझ्याकडे बघेनात. सगळे बॉक्स मागच्या खोलीत टाकलेत. पुढचं काम द्यायचं का, विचार करून सांगतो म्हणाले. इतक्या वर्षांचं गिऱ्हाईक!

घरी येऊन ह्यांना दाखवला. हे बराच वेळ बघत राहिले. "जरासा निळसर आहे बहुतेक." बहुतेक! कोड्याचं उत्तर सांगतात अशा थाटात.

भाऊजींना फोन लावला. सगळं ऐकून घेतलं. मग हळूच, "मी म्हटलं होतं ना वहिनी, मी आल्यावर पाठवू."

जणू काही भाऊजींच्या हातात जादू आहे! फोन ठेवून दिला.

२१ फेब्रुवारी

सगळ्यांनी संगनमत केलंय का माझ्याविरुद्ध?

२३ फेब्रुवारी, रविवार

आज गॅलरीतून फोटो काढायच्याऐवजी सरळ समोरची गच्ची गाठली. म्हटलं, एकदाचं सांगूनच टाकावं. लाँड्रीवाली चिमटे लावत होती. मला ओळखते. "तुम्हीच ना त्या फोटोवाल्या ताई? आमचा पण एक दिवस काढा की."

म्हटलं, काढते, पण आधी सांग, चादरी इतक्या पिवळ्या कशा पडल्या?

तिने माझ्याकडे बघितलं. मग चादरीकडे. मग परत माझ्याकडे. "कुठली पिवळी? ताई, नव्या कोऱ्या आहेत. काल पाकीट फोडलं."

हातात धरून बघितली. कडक, दुकानाचा वास येणारी. पिवळी.

तिने हसून विषय सोडून दिला. मी फोटो न काढताच खाली आले.

२५ फेब्रुवारी

मोतीबिंदू. दोन्ही डोळ्यांत. डॉक्टरीणबाई माझ्या लेकीच्या वयाची. "अक्षर नीट वाचता येतं म्हणून तुम्हाला कळलं नाही. पण पिवळी काच लावून जग बघताय तुम्ही. वर्ष तरी झालं असेल, जास्तच." काम काय करता, विचारलं. मी सांगितलं. "अरे बापरे," म्हणाली, आणि लगेच जीभ चावली.

हे सोबत होते. रिक्षात माझी पर्स स्वतःच्या मांडीवर घट्ट धरून बसले.

२६ फेब्रुवारी

भीती वाटते. लिहिलं तर कमी होईल असं वाटलं होतं. होत नाही. माझ्याकडे दुसरं आहे काय? चित्र बरं काढणाऱ्या खंडीभर पडल्यात. माझी होती ती नजर.

११ मार्च

उजव्या डोळ्याचं ऑपरेशन झालं. दुखलं नाही. हे जेवणाचा डबा घेऊन आले, चमचा विसरले.

१२ मार्च

पट्टी काढली.

आधी बेसिन दिसलं. इतकं पांढरं की मला वाटलं नवीन बसवलंय! मग नर्सचा कोट. मग खिडकीतलं आभाळ — हे असं असतं? इतके दिवस असंच होतं?

घरी आल्यावर एकेक डोळा झाकून बघत बसले. उजव्याने दूध, डाव्याने चहा. मग भिंतीसमोर उभी राहिले. पहिल्या ओळीतल्या चादरी पांढऱ्या. दुसऱ्या ओळीत गारठलेल्या. शेवटच्या ओळीत तर शाईत बुडवून काढल्यासारख्या. दर आठवड्याला थोडा थोडा निळा, आणि मी प्रत्येकासमोर उभी राहून म्हणाले असणार, वा! बॉक्सकडे तर बघवेना. बुरशीच ती. बेकरीवाले बरोबर बोलले.

डॉक्टरीणबाईंनी बजावलंय, डोळ्यात पाणी जाऊ द्यायचं नाही. आणि मी ढसाढसा रडले. आतून आलेलं चालत असावं.

१८ मार्च

स्टुडिओत गेले. गेल्या वर्षीची सगळी कामं उघडून बघायची ठरवलं होतं, होऊन जाऊ दे म्हटलं. केकचा बॉक्स, बिस्किटांचं पुडकं, साबणाचं वेष्टन. माझ्या कॉम्प्युटरवरच्या सगळ्या फायली निळ्या. दिवाळं!

मग फडताळातून छापून आलेले नमुने काढले. केक सोनेरी. बिस्किटं खरपूस. साबण दुधासारखा. एकही निळा नाही. छापून आले तेव्हा मला पिवळट दिसले होते, मी कागदाला दोष दिला होता.

किती तरी वेळ दोन्ही शेजारी ठेवून बघत बसले. डावा डोळा झाकून.

वाटलं, छापखान्याने सांभाळून घेतलं बहुतेक. मालकांना फोन केला, आभार मानले. ते गडबडले. "आम्ही कशाला हात लावू, मॅडम? तुमच्या दिरांकडून फाईल जशी येते तशी छापतो. ह्या वेळी तुमच्याकडून आली, तशीच छापली."

बेकरीवाल्यांना सगळं खरं सांगितलं, डोळ्याचं. बॉक्स नव्याने करून देते म्हटलं. "आधी डोळा सांभाळा," म्हणाले, आणि पाव पाठवला.

२० मार्च

भाऊजी आले. नातवाचे फोटो दाखवले, सगळे हललेले. मी काही बोलायच्या आत माझ्या डोळ्याकडे बघितलं, मग टेबलावर मांडलेल्या नमुन्यांकडे, आणि खाली बसले.

"तुम्ही बदलत होतात," म्हटलं.

"मला कुठे येतंय बदलायला?" त्यांनी पिना टेबलावर ओतल्या आणि तो जुना खोका पुढे सरकवला. "हा समोर ठेवायचो. तुमचाच पाव, तुम्हीच केलेला. त्याच्यासारखं दिसेपर्यंत निळा कमी करत बसायचो. कधी कधी रात्र व्हायची."

"मग सांगितलं का नाहीत मला?"

"दोनदा तोंड उघडलं. रंग म्हणजे तुमचा जीव हो, वहिनी. नाही झाला धीर."

मी पिना गोळा करायला लागले. शेवटी विचारलं, "पण तुम्हाला कळलं कधी? घरात माझ्या नवऱ्याला कळलं नाही!"

भाऊजींनी अंगातल्या त्याच नेहमीच्या शर्टाची बाही चिमटीत धरून माझ्या उजव्या डोळ्यासमोर आणली. आकाशी. स्वच्छ आकाशी.

"ज्या दिवशी तुम्ही मला पहिल्यांदा पोपट म्हणालात."