निम्म्या पलंगाचा भाडेकरू

तीर्थरूप मामांस,

भाच्याचा दोन्ही हात जोडून, कमरेत वाकून नमस्कार. (तुमचं घर इथून नेमकं कोणत्या दिशेला येतं ते सांगता येत नाही, कारण आमची खिडकी समोरच्या इमारतीच्या भिंतीकडे उघडते. म्हणून चारही दिशांना एकेकदा वाकलो. एक तरी पोचला असेल.) मामींची टाच कशी आहे? तुमचा खोकला गेला, की अजून गिऱ्हाइकाला भाव सांगताना नेमका तेव्हाच येतो? आईला सांगा, मी जाड झालोय. बाबांना काहीच सांगू नका. हे पत्र त्यांच्या हाती लागता कामा नये, ही माझी पहिली आणि शेवटची अट. तुम्ही वाचा, मामींना वाचून दाखवा आणि दुकानातल्या जुन्या कुलपाच्या पेटीत टाका. माझ्या मोटारसायकलला गिऱ्हाईक तुम्ही आणलंत आणि तिकीट त्या पैशांतून निघालं, ही गोष्ट तुम्ही सात महिने पोटात ठेवली आहे, हीही मावेल.

मी खुशाल आहे, आणि ठाम आहे. निघताना बाबा दारात उभे राहून काय म्हणाले ते तुम्ही ऐकलंच असणार (चपला शोधायचं नाटक इतका वेळ कोणी करत नाही). ‘पोहणं अर्धं सोडलंस, तबला अर्धा सोडलास, व्यायामशाळेचे तर नुसते पैसे भरलेस, आता कॉलेज. परदेशसुद्धा महिन्याभरात अर्धा टाकून येशील आणि परतीचं तिकीट माझ्याकडे मागशील.’ त्यावर मी म्हणालो होतो, ‘यापुढे तुमच्याकडे काही मागितलं तर नाव बदलीन.’ मामा, आज सात महिने झाले आणि नाव तेच आहे. पगार हातात टेकतो न टेकतो तोच अर्धा भाड्यात जातो, पण उरलेल्यात मी महिना काढतो, आणि तोंड वर करून काढतो.

कॉलेज सोडल्याचा पश्चात्ताप होतो का, असं तुम्ही मागच्या पत्रात विचारलंत. अजिबात नाही. तिला शिष्यवृत्ती मिळून ती इकडे आली (नाव लिहीत नाही, कारण तुम्ही पत्र मोठ्यानं वाचता आणि तुमची खिडकी रस्त्यावर आहे), आणि तिच्या जागेवर, म्हणजे बरोबर माझ्या पुढच्या बाकावर, एक घोरणारा मुलगा येऊन बसला. दोन वर्षं ज्या वेणीकडे बघून मी शिकलो तिथं ती मान. अशात शिक्षण होत नाही. तरी मी चार महिने काढले. शेवटी हेडक्लार्कसाहेबांनी हजेरी कमी भरल्याबद्दल बोलावलं तेव्हा मी दोन्ही वर्षांच्या गुणपत्रिका त्यांच्या टेबलावर उभ्या फाडल्या आणि म्हणालो, या कागदावाचून माझं काही अडणार नाही. तुकडे पंख्यानं उडाले आणि एक त्यांच्या चहात पडला. त्यांनी तो चमच्यानं काढला, बशीत ठेवला आणि राहिलेला चहा पिऊन टाकला. त्या माणसाचा थंडपणा मला आजही सहन होत नाही.

तर आता स्वस्तात राहण्याविषयी. इथं अख्खी वस्तू परवडत नाही, हे पहिल्या आठवड्यातच कळतं. फ्रिजमध्ये माझा निम्मा कप्पा आहे, भिंतीवरच्या खुंट्यांपैकी दोन माझ्या आहेत, आणि पलंग निम्मा आहे. दचकू नका. लांबीनं निम्मा नव्हे, वेळेनं. दुसरा भाडेकरू बेकरीत कामाला. तो रात्रभर मैदा मळून सकाळी सातला येतो. मी पावणेसातला उठून गादी झटकून ठेवतो. तो माझ्या उबेत झोपतो आणि संध्याकाळी मी परत येईपर्यंत उठून गेलेला असतो. आमची भेट म्हणजे रोज सकाळी दारात दोन मिनिटं. पाळी बदलताना पहारेकरी भेटतात तशी. शिळा उरलेला पाव तो माझ्यासाठी टेबलावर ठेवतो. रविवार सकाळ ते सोमवार सकाळ मात्र पलंग सबंध त्याचा, त्या रात्री मी जमिनीवर. म्हणूनच माझं भाडं त्याच्यापेक्षा कमी आहे.

सुरुवातीला जमलं नाही. मी एका धुलाई कारखान्यात आहे. हॉटेलांच्या चादरी येतात, धुतल्या जातात, गरम रुळांतून निघतात आणि माझ्यासमोर घडीला येतात. दिवसाला साडेतीनशे. अशा माणसानं घरी येऊन पिठानं माखलेल्या चादरीवर का झोपावं? तिसऱ्या दिवशी माझं डोकं फिरलं आणि मी उशीला चिठ्ठी टाचली की झोपण्यापूर्वी अंग धुवावं. संध्याकाळी चिठ्ठीखाली उत्तर होतं: ‘धुतो. पाणी थंड असतं. गरम पाणी सकाळी तुम्ही संपवता.’ मी ती चादर उचलली आणि दुसऱ्या दिवशी गुपचूप कारखान्याच्या यंत्रात टाकली. पन्नास हॉटेलांच्या पांढऱ्याशुभ्र ढिगातून आमची ती निळ्या फुलांची चादर डुलत बाहेर आली. मुकादमबाईंनी ती दोन बोटांनी उचलून विचारलं, ‘हे कोणत्या हॉटेलचं?’ शिक्षा म्हणून मला आठवडाभर जोडीदाराशिवाय घड्या घालाव्या लागल्या. तुम्ही करून बघा, मामा. एक टोक हनुवटीखाली, दोन टोकं हातांत, आणि चौथं टोक जगात कुठेही. त्या आठवड्यात मी गरम पाण्याची बादली भरून ठेवायला लागलो.

रविवारी सकाळी सातपासून मी बेघर. दमडी न मोडता एवढा दिवस काढायचा ही एक विद्या आहे आणि ती कॉलेजात शिकवत नाहीत. मी एका फर्निचरच्या दुकानात जाऊन सोफ्यांवर बसायचो. तिसऱ्या रविवारी विक्रेत्यानं अदबीनं विचारलं, ‘साहेब, ठरलं का?’ मी म्हणालो, घरच्यांना विचारून सांगतो. चौथ्या रविवारी तो टेप घेऊनच आला आणि खोलीचं माप मागितलं. खोटं बोलवेना, म्हणून खरं माप दिलं. त्यानं मनाशी गणित केलं, टेप गुंडाळला आणि म्हणाला, ‘हा सोफा तिथं ठेवलात तर तुम्ही जिन्यात राहाल. त्यापेक्षा इथंच येऊन बसत जा.’ तेव्हापासून मी हक्कानं जातो. केस न्हाव्यांच्या शाळेत कापून घेतो. तिथं फुकट आहे, कारण विद्यार्थी कापतात. गेल्या वेळचा विद्यार्थी डाव्या बाजूला फार हुशार होता. उजव्या बाजूपर्यंत पोचेतो त्याचा तास संपला.

याच डोक्यानं मला तिला तोंड द्यावं लागलं. ती मला महिन्यातून एकदा बागेत भेटते. ‘ये’ असं ती म्हणाली नव्हती, पण ‘परत जा’ असंही म्हणालेली नाही, आणि मी एवढ्यावर सात महिने जगलोय. तिचं म्हणणंही बाबांसारखंच, फक्त आवाज गोड: ‘तू एक तरी गोष्ट शेवटाला नेलेली मला बघायची आहे. मग बोलू.’ मी तिला सांगितलं होतं की माझी खोली आहे, पलंग आहे, टेबल आहे, खिडकी आहे. यातलं काही खोटं नाही. पण मागच्या महिन्यात ती म्हणाली, ‘मग रविवारी अकराला येते बघायला.’ आणि मी, अंगात काय संचारलं कोण जाणे, ‘ये की’ म्हणून बसलो.

शनिवारी दारातल्या दोन मिनिटांत मी बेकरीवाल्याला गळ घातली की उद्या अकरा ते एक खोली मला दे. त्यानं कारण विचारलं नाही, फक्त माझ्या केसांकडे बघितलं आणि ‘बरं’ म्हणाला. रविवारी मी त्याचा कोट, बूट, दाढीचं सामान पलंगाखाली ढकललं आणि खिडकीत उभा राहून भिंत बघत वाट पाहू लागलो. सव्वाअकरा झाले, साडेअकरा झाले. खाली उतरून बघतो तर ती जिन्याच्या पायरीवर बसलेली, शेजारी बेकरीवाला, आणि दोघांच्या मांडीवर एकच पुस्तक. रात्रपाळीहून उशिरा सुटून आलेला, झोप न झालेला, पापण्यांवर मैदा तसाच. तिनं त्याला पत्ता विचारला होता, आणि त्यानं सरळ मनानं सांगून टाकलं होतं, ‘वरच राहतात. आज पाहुणे यायचेत म्हणून मी इथं बसलोय. झोपेचं काय, दुपारनंतर होईल.’

वर आलो. ती खुर्चीवर, तो पलंगावर, मी बादली पालथी घालून तिच्यावर. ती माझ्याशी बोलेना, त्याच्याशीच बोलत होती. तेव्हा मला कळलं की हा माणूस चौदाव्या वर्षी शाळेतून भट्टीवर गेला आणि आता पंचेचाळिसाव्या वर्षी संध्याकाळच्या शाळेत जातो. मी घरी येतो तेव्हा तो गेलेला असतो तो कामावर नव्हे, वर्गात. दोनदा नापास झालाय, तिसऱ्यांदा बसतोय. (यापुढे मी त्यांना अहो-जाहो करणार आहे, तुम्हीही करा.) मग ती माझ्याकडे वळली. म्हणाली, ‘त्यांची झोप मोडून तू मला पलंग दाखवणार होतास? हे दोनदा पडून तिसऱ्यांदा उभे राहिलेत. तू एकदाही पडला नाहीस. त्याआधीच निघून येतोस.’

मामा, तुम्ही मला तोफ म्हणता ते उगाच नाही. मी बादलीवरून उठलो आणि म्हणालो की यांची शाळा पुरी होते न होते तोच माझी पदवी पुरी झालेली असेल, नाहीतर मी तोंड दाखवणार नाही. मला वाटलं, ती हसेल. ती हसली नाही. तिनं बेकरीवाल्यांकडे बघितलं, त्यांनी पिठाचा हात पुढे केला आणि म्हणाले, ‘पैज. पण मी पुढे आहे हं, दोन वेळा पेपर पाहिलेत मी.’ निघताना ती जिन्यात थांबून म्हणाली, ‘उजवी बाजू पुढच्या वेळी दुसऱ्याकडून कापून घे.’ सात महिन्यांत तिनं माझ्याविषयी केलेली ही पहिली प्रेमळ सूचना.

तर असं आहे. चादरी रोज साडेतीनशे, आता जोडीदारासकट. मला कशाचीही कमतरता नाही आणि कुणाकडून काहीही नको आहे. मामींच्या टाचेला जपा, खोकल्याला औषध घ्या, आणि अंतर फार आहे म्हणून माया पातळ करू नका.

आपला,
अजून न उडालेला,
तोफ

ता. क. आईला ‘जाड झालोय’ ऐवजी ‘बरा आहे’ एवढंच सांगा. ती फोटो मागेल.

ता. क. २. आमच्याच रस्त्यावर संध्याकाळचं कॉलेज आहे. त्या रविवारच्या दुसऱ्याच दिवशी जाऊन आलो. फी माफ होते, राहिलेलं वर्ष पुरं करता येतं, फक्त आधीच्या दोन वर्षांच्या गुणपत्रिका लागतात. त्या कुठे आहेत ते वर लिहिलंच आहे. तेव्हा तुम्ही कृपा करून हेडक्लार्कसाहेबांना भेटा आणि दुसऱ्या प्रती मागा. सोबत माझं माफीपत्र आहे. आधी तुम्ही वाचा. तिसरा परिच्छेद थोडा तापट आहे. तिनं तो खोडायला सांगितला होता, मी निम्मा खोडलाय. उरलेला तुम्ही खोडा.

ता. क. ३. खरं सांगतो, हेडक्लार्कसाहेबांना मी आधीच अर्ज पाठवला होता. तो परत आला. वर त्यांच्या सुबक अक्षरात लिहिलंय: ‘प्रवेश वडिलांच्या सहीने झाला होता. प्रतीसाठीही त्यांचीच सही लागेल.’ खाली कागदाला चहाचा एक गोल डाग आहे. तो मुद्दाम आहे की नाही, हे कळायला मार्ग नाही.

ता. क. ४. म्हणून पहिली आणि शेवटची अट मागे घेतो. हे पत्र बाबांना द्या, सगळं, पानं न काढता. मोटारसायकलीची गोष्टही यातच आहे. तुम्हाला जरा ऐकून घ्यावं लागेल, माफ करा. पैसे नकोत, तिकीट नको. तोच अर्ज सोबत जोडलाय, त्यावर पेन्सिलीनं फुली केली आहे तिथं फक्त सही. ते सही करण्याआधी पेन तळहातावर चालवून बघतात, तेव्हा चालू पेन द्या. तेवढ्यात त्यांचं मत बदलतं.

ता. क. ५. मी मागितलं, म्हणजे आता नाव बदलणं आलं. तेही त्यांनाच विचारा. पहिलं त्यांनीच ठेवलं होतं.